नदीपलीकडची उमेदवारी

तीर्थरूप अण्णांना रागातच नमस्कार.

मी इकडे बरा आहे, नोकरीही ठीक चालली आहे. पण आईचं पत्र वाचून डोकं धरून बसलो. खासदारकीला पाच वेळा पडलात, तरी सहाव्यांदा अर्ज भरलात! अहो, मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या. आपलं घर नदीअलीकडच्या मतदारसंघात गेलं आणि तुम्ही मात्र पलीकडूनच उभे! म्हणजे यंदा तुमचं स्वतःचं मतसुद्धा तुम्हाला नाही.

म्हणे, पलीकडची माणसं सवयीची आहेत. त्यांना तुम्हाला पाडायचीच सवय आहे हो!

आई तुमच्या गुडघ्यांबद्दल काहीच लिहीत नाही. फार दुखतात का?

मला मत देता येणार नाही, म्हणून चोळायला तेल पाठवतोय. मतमोजणीपर्यंत पुरवा.

तुमच्यापुढे कायम हरलेला,
धाकटा