सात खणाचं घर

रविवार, जेवणं झाल्यावर

सुनंला माहेरचा किल्ला दावायला नेलं आन् तिथंच माझं नाक कापलं गेलं.

किल्ल्यात आता नुसत्या बाभळी. खालचं जुनं गाव कवाच उठून रोडला गेलंय, घरांचे जोते तेवढे राहिलेत. वीस वर्सं हिला ऐकवायलेय, "आमच्या बापाचं घर सात खणाचं. तुझ्या बापावानी दोन खणाचं खोपट न्हाई!" आज ती म्हणली, "आत्या, दावा की घर." काय करू? सगळ्यात मोठ्या जोत्यावर जाऊन बसले. म्हणलं, "हेच." तिनं खांबांखालचे दगड बघत खण मोजले. सात भरले. जिवात जीव आला.

तेवढ्यात शेरडं घेऊन एक म्हातारा आला. आमचा शेजारी. मेला अजून जित्ता हाय! "अक्का, पाटलाच्या जोत्यावर कामून बसलीस? तुमचं घर त्ये, बोरीखाली."

बोरीखाली दोन खण. मोजायचीबी गरज न्हाई.

सून हसलीबी न्हाई. जीपमधी गुमान पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. तवाच मला भ्या वाटलं.

घरी लेकानं बायकूला विचारलं, "आईचं घर सापडलं का?"

"व्हय की. सात खणाचं. म्या सोता मोजलं."

खोटारडी! कुणाकडून शिकली कुणास ठाऊक.

आत्ता जेवताना डाळीत मीठच न्हवतं. वीस वर्सांत पहिल्यांदा गुमान गिळली. वर तीच विचारायली, "आत्या, डाळ कशी झालीय?"

"ब्येस," म्हणलं.