सरकीची सात घरं

जालना, १८ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
वंदनाचा सा. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आलात आणि तिसऱ्याच दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं पिशवी उचलून वाटूरला निघून गेलात, त्याचा राग अजून उतरलेला नाही. तरी लिहिते आहे, कारण फोनचा उपयोग नाही. कानाचं यंत्र तुम्ही डबीत ठेवता, आणि माझं ओरडणं अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला माहीत आहे.

आधी कामाचं. आईला जाऊन दीड वर्ष झालं. शेत भुजंग बटईनं करतो, भाकरी शेजारच्या कांताबाई करून देतात, म्हणजे तुमचं तिथं अडतं असं काही नाही. मागच्या महिन्यात अंगणात पाय घसरून पडलात, हे मला कांताबाईंनी सांगितलं, तुम्ही नाही. कायमचे इकडे राहायला या. तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत प्रत्येक पत्रात मी हेच लिहिणार आहे.

आता बातमी. आपल्याकडे मांजराचं पिल्लू आलं आहे. अर्पिता वर्षभर मागे लागली होती, शेवटी यांनीच घेऊन दिलं. संभाजीनगरच्या एक बाई घरीच पर्शियन मांजरं पाळतात, त्यांच्याकडून गाडीत मांडीवर घेऊन आणलं. अडीच महिन्यांची आहे, पांढरीशुभ्र, नाक बसकं, अंगावर केसच केस. सोबत वंशावळीचा छापील कागद मिळाला. त्यात तिच्या आईबापाचं, आजीआजोबांचं, पणजोबांचंसुद्धा नाव आहे. तिचं कागदावरचं नाव एवढं लांब आहे की हाक मारून होईपर्यंत ती झोपून जाईल. अर्पिता ‘प्रिन्सेस’ म्हणते, हे ‘बर्फी’ म्हणतात, अजून ठरायचं आहे. ती कायम घरातच राहणार. बाहेर सोडायची नाही, असं त्या बाईंनी बजावलं आहे. शू-शीसाठी ट्रेमध्ये वेगळी वाळू, रोज केस विंचरायचे. माझे स्वतःचे केस रोज विंचरून होत नाहीत, तर हिचे.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, त्यातला चिमूटभर आता मांजरीलाही द्यावा.

तुमची,
वंदना


वाटूर, २५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वंदनास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा नाही, तीनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी विश्वास बसला नाही. मांजर विकत आणलं? माझं वय चौऱ्याहत्तर. एवढ्या वर्षांत मांजर कोणी विकलेलं पाहिलं नाही. मांजर येतं, राहतं, मनात आलं की जातं. आपली ठकी कुठून आली, तिचा बाप कोण, हे तिलाही ठाऊक नसेल, पण कापसाच्या खोलीत उंदराला पाय ठेवू देत नाही. तुझ्या मांजरीच्या पणज्याचं नाव कागदावर छापलेलं, आणि मला माझ्या पणज्याचं नाव आठवायला घनसावंगीच्या चुलत्याकडे जावं लागतं. वाळूही तिला वेगळी पाहिजे म्हणतेस. इकडे लोकांना घर बांधायला वाळू मिळेना.

बरं, आणलंच आहे तर ऐक. मांजरी आपली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवते. सात घरं पाहिली की पिल्लाला समजतं, जग केवढं आहे आणि त्यात आपलं घर कोणतं. तुझं पिल्लू एका घरातून उचललं आणि बंद गाडीतून दुसऱ्या घरात टाकलं. ते बावरणार. कुठं तरी कोपऱ्यात शिरून बसेल आणि रुळणार नाही. मी सांगून ठेवतो. दूधभाकरी कुस्करून दे.

माझ्या येण्याचं मात्र बिलकुल काढू नकोस. तुझं घर छान आहे, जावईबापू देवमाणूस आहेत, त्यात काही उणं नाही. पण तुझ्या मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. दोन दिवसांत मला घराबाहेरचा एक माणूस दिसला, तो गॅसची टाकी घेऊन आलेला. त्यालाही बसायला वेळ नव्हता. तुम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत. मी पलंगावर बसून दाराकडे बघायचो. इथं ओट्यावर बसलो तर फाट्याकडे जाणारं प्रत्येक माणूस एक शब्द टाकून जातं. ऐकू येवो न येवो, टाकतं तर खरं.

अर्पिताला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझे,
अण्णा


जालना, ४ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमची जीभ काळी म्हणतात ते उगीच नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी पिल्लू वॉशिंग मशीनच्या मागे शिरलं आणि बाहेर येईना. अर्पितानं आजोबांचा सल्ला मानून दूधभाकरी दिली. त्यानं पोट बिघडलं, सगळी शेपटी भरली. तिला कोमट पाण्यानं धुवावं लागलं. अण्णा, ओली झाल्यावर आम्ही बघतच राहिलो. एवढा मोठा दिसणारा केसांचा ढीग, आणि आत मुठीएवढा जीव. डोळेच काय ते मोठे. अंग कोरडं केलं तशी परत मशीनच्या मागे. दोन दिवस नीट खाल्लं नाही. अर्पिता जमिनीवर पालथी पडून तिला हाका मारायची आणि रडायची.

आता जे सांगते त्यावर हसू नका. मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवते. वर्गात अंधश्रद्धेवर बोलते. आणि गेल्या रविवारी दुपारी मीच भाकरीच्या टोपल्यात आईचं निळं पातळ घातलं, त्यात पिल्लू ठेवलं आणि अर्पिताला घेऊन सात घरं फिरायला निघाले. दुसरं काही सुचेना.

या बिल्डिंगमध्ये चार वर्षं राहते, पण कुणाची बेल वाजवली नव्हती. पहिल्या दारात काय बोलावं कळेना. समोरच्या उमाताईंना सांगितलं की माझ्या वडिलांनी सांगितलंय, पिल्लाला सात घरं दाखवायची आहेत. मला वाटलं, दार लावून घेतील. त्या म्हणाल्या की त्यांच्या आजोळीही हेच म्हणत, आणि आम्हाला आत ओढून चहाच ठेवला. दुसऱ्या घरी रेल्वेतले बुद्धभूषण राहतात. त्यांनी पिल्लाचे फोटो काढून लगेच आपल्या आईला पाठवले. तिसरं, चौथं, पाचवं अशी घरं होत गेली. सहावं घर राधेश्यामकाकांचं. त्यांची परतूरच्या मोंढ्यात कापसाची आडत होती, आता मुलाकडे असतात. वाटूर म्हणताच त्यांनी तुमचं नाव घेतलं. त्यांनाही तुमच्यासारखंच कमी ऐकू येतं. मी तासभर ओरडत होते. सातवं घर मिळेना, बाकीच्यांना कुलपं. तेव्हा वॉचमन कचरूभाऊंनी रागावून विचारलं की त्यांची खोली घर नाही का. तिथं पिल्लानं टोपल्यातून पहिल्यांदा मान वर काढली.

घरी आल्यावर ती मशीनमागे गेली नाही. टोपल्यातच, आईच्या पातळावर झोपली आणि उठून पोटभर जेवली.

पण आनंद एकच दिवस टिकला. कालपासून शिंका सुरू झाल्या आहेत, अंग गरम आहे. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. दुसरी लस बाकी असताना पिल्लाला दारोदार नेलंच कसं, असं ते म्हणाले. औषध चालू आहे. चार दिवस बघू म्हणतात. अर्पिताला मी सांगितलं आहे की चूक माझी, आजोबांची नाही.

इथंच थांबते. ओढ आहे तशी राहू द्या.

वंदना


वाटूर, ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. वंदनास,
अ. उ. आ.

चूक तुझी नाही, माझी. जुनी म्हण ओट्यावर बसून सांगायला सोपी असते. मी सांगितलं, तू केलंस, भोगतंय ते पिल्लू. मला जेवण गेलं नाही.

आज परतूरला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. सगळे लोक म्हशी, बैल घेऊन उभे, आणि मी मोकळ्या हातानं. डॉक्टरांनी जनावर कुठं आहे विचारलं. मी सांगितलं, जालन्याला चौथ्या मजल्यावर आहे. सगळे हसले. हसू देत. डॉक्टर चांगला होता. म्हणाला, पिल्लू खात असेल तर भिऊ नका, नाकडोळे पुसा, ऊब द्या, दिलेलं औषध वेळेवर द्या. दूध बिलकुल नको, हेही म्हणाला. ते ऐकून मी लगेच बाहेरची वाट धरली.

तू तिला आईच्या निळ्या पातळात ठेवलंस, ते वाचून चष्मा काढून ठेवावा लागला. ते पातळ तिनं, मानवतला लग्नाला गेलो तेव्हा घेतलं होतं. आपल्या घरात आलेल्या कुठल्याही पिल्लाला तिनं उपाशी ठेवलं नाही. मी आजही दोन कप चहा ठेवतो आणि मंग एक कप ठकीसमोर ओततो. ती पीत नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता आलं.

एवढ्या केसांच्या ढिगात मुठीएवढा जीव म्हणालीस ना? मला तर कापूसच दिसला. मंग तिचं नाव सरकी ठेवा. कापसाच्या पोटात सरकीच असते, आणि पुढचं सगळं पीक तिच्यातूनच येतं. जल्दी खुशाली कळव. तो राधेश्याम माझ्या कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल शोधायचा आणि भाव पाडायचा, त्याला म्हणावं अजून विसरलो नाही.

अण्णा


जालना, १५ डिसेंबर २०२४

प्रिय आजोबा,
साष्टांग नमस्कार.

सरकी बरी झाली. शिंका बंद. डॉक्टर म्हणाले, आता दहा दिवसांनी दुसरी लस. नाव सगळ्यांना आवडलं. बाबा अजून चुकून बर्फी म्हणतात, तेव्हा ती बघतसुद्धा नाही.

सगळे तिची चौकशी करायला येतात. सारखं दार उघडलं की ती बाहेर पळायला बघते, म्हणून बाबांनी जाळीचं दार बसवलं. आता लाकडी दार दिवसभर उघडंच असतं. सरकी जाळीला नाक लावून बसते, आणि जिन्यातून जाणारं प्रत्येक जण थांबून तिच्याशी बोलतं. उमामावशींनी पण जाळीचं दार करून घेतलं, त्यांच्याकडे मांजर नाही तरी. राधेश्यामआजोबा रोज चार वाजता खुर्ची घेऊन येतात आणि आमच्या दारात बसतात. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय, जसाच्या तसा लिही म्हणाले: “रामरावला म्हणावं, कापूस तिकडंच ठेव अन् ये. इथं भाव पाडणारं कोणी न्हाई. मी एकटाच बोलून राह्यलो.”

सरकीचा पंजा शाईत बुडवून इथं उठवणार होते, पण आईनं शाई लपवली.

तुमची लाडकी,
अर्पिता


वाटूर, २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. वंदनास,
अ. उ. आ.

पोरीचं पत्र मिळालं. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. कांताबाईनं ऐकलं, भुजंगनं ऐकलं, आता सगळ्या वाटूरला सरकीची तब्येत माहीत आहे.

कापसाची शेवटची वेचणी आठ-दहा दिवसांत उरकेल. ठकीला नेणार नाही. तिला तुझी वाळू आणि जाळी मानवायची नाही, तिचं घर हेच. कांताबाई तिला सांभाळेल. मी ठकीसमोर चहा ओततो ते कांताबाईला सांगितलं, तर ती म्हणाली की मांजर चहा पीत नाही, मी पिते. दीड वर्ष रोज चहा ओतून हे मला सुचलं नाही.

तेव्हा पाच जानेवारीला, रविवारी, मी येतो. पिशवी नाही, ट्रंक घेऊन येतो. कानाचं यंत्र लावून येईन. राधेश्यामशी भांडायचं तर निदान एकाला तरी ऐकू आलं पाहिजे. चार वाजता दारात दोन खुर्च्या लागतील, जावईबापूंना सांगून ठेव.

एकच गोष्ट मागतो. मागच्या वेळी तुम्ही मला गाडीतून उतरवून थेट पलंगावर बसवलं. मी बावरलो, कोपऱ्यात शिरलो आणि पळालो. या वेळी आधी हात धरून मला सात घरं फिरव. उमाताईकडे, त्या रेल्वेवाल्याकडे, शेवटी कचरूच्या खोलीत. माझ्या सगळ्या लसी झालेल्या आहेत. सात झाली की तुझ्या दाराशी आण आणि हात सोडून दे. आत मी आपला आपण येईन.

सरकीला, पोरीला, जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आता पत्रातून नको, समोर बसून करावा.

तुझे,
अण्णा