उसवलेले पाच ब्लाउज

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या, बिनडोक भावाचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं मजेत आहोत. (हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करायची हे तूच शिकवलंस.) फोनच करणार होतो, पण घरी ही ऐकते आणि दुकानात गिऱ्हाइकं, म्हणून लिहितो.

तुला ठाऊकच आहे, लग्नानंतर तीन वर्षं मीच नको म्हणत होतो. आधी शिवणाच्या दुकानाचा जम बसू दे, मग पाळणा. ही रोज गोळी घ्यायची आणि मी रोज आठवण करायचो (गिऱ्हाइकांचे कपडे कधी वेळेवर दिले नाहीत, पण ही आठवण वेळेवर). मग त्या गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरीणबाईंनी फॉलिक ॲसिड दिलं, दिवस राहायच्या आधीपासून रोज एक. मला वाटलं, मूल दोघांचं तर गोळ्याही दोघांनी घ्यायच्या. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या, तेव्हा बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही फक्त सिगारेट सोडा. सोडली.

आणि दिवस राहिले! हिनं बजावलं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही. आईशप्पथ ताई, मी कुणाला सांगितलं नाही. फक्त हिचे पाच ब्लाउज दुकानात नेले, उसवले आणि दोन्ही बाजूंनी सैल केले. सातव्याच आठवड्यात. शिंपी स्वतःच्या बायकोचे पाच ब्लाउज एकदम सैल करतोय म्हटल्यावर लोकांना कळायचं काय राहतं? संध्याकाळपर्यंत समोरच्या चांभारापासून माडीवरच्या मास्तरीणबाईंपर्यंत सगळे माझ्याकडे बघून हसत होते. ही चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी त्यातला एक घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, यात आम्ही दोघंही मावू." किती हसलो आम्ही, ताई.

दहाव्या आठवड्यात सोमवारी हिच्या पोटात दुखायला लागलं आणि मंगळवारी सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळ जणींचं होतं, यात कुणाची चूक नसते. पण आता दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, कितवा महिना? ज्यांना मी सांगितलंच नव्हतं, त्यांना सगळं सांगत बसावं लागतं. फार वाईट वाटतं गं. ते ब्लाउज परत आवळायला माझा हात होत नाही. ही त्यातलाच एक घालून घरात फिरते, अंगावर नुसता लोंबत असतो.

तुझा,
बारक्या

ता. क. – पत्र खरं तर यासाठी. हिच्या मनानं घेतलंय, की तीन वर्षं गोळ्या घेतल्या म्हणूनच असं झालं. बाईंनी नाही म्हणून सांगितलं, मीही सांगितलं, पटत नाही. तू इतकी वर्षं प्रसूतिगृहात नर्स आहेस, तुझं ऐकेल. गोळ्यांनी असं होत नाही, आणि पुन्हा कधी प्रयत्न करावा, हे तिला आपणहून लिही. मी सांगितल्याचं कळू देऊ नकोस.

ता. ता. क. – पाकीट डकवायला हिच्याकडेच देतोय. घाबरू नकोस, ही माझी पत्रं वाचत नाही.

वन्सं, हे अक्षर माझं. यांची सगळी पत्रं मी वाचते. एक गोष्ट यांनी तुम्हाला लिहिलेली नाही. त्या सोमवारी सकाळी फळीवरून कापडाचा तागा उतरवताना मला म्हणाले होते, जरा एक टोक धर. तेव्हापासून दिवसभर मशीन चालवत बसतात आणि सुईत दोराच नसतो. तागा धरल्यानं असं होत नाही ना? होत नसेल तर यांना लिहा, आपणहून. मी सांगितल्याचं कळू देऊ नका. ब्लाउजचं मात्र मीच सांगेन यांना. आवळू नका, राहू देत.