अक्षता पडल्यावर या

आप्पा, तुमच्या पणतीने गाण्यांचा एक अल्बम काढला आहे आणि त्यातल्या शेवटच्या गाण्यात तुम्ही आहात. हे ऐकून तुम्ही चष्मा पुसाल आणि "मी कधी गायलो?" असे विचाराल, हे मला ठाऊक आहे. तुम्ही गायला नाहीत, वाचलेत. गिरणीची पाळी संपवून, अंग धुऊन, ज्या घरी कोणी गेले असेल तिथे जाऊन तुम्ही जी पोथी वाचत होता, जी एरवी कोणी घरात ठेवत नाही आणि सुतकातच उघडली जाते, तीच. त्या पोथीपायी भवानी पेठेतील लग्नघरे तुम्हाला निरोप धाडत ते असे: "अक्षता पडल्यावर या, जेवायलाच या." तुम्ही धुतलेले धोतर नेसून ओट्यावर बसून आहात, मंगलाष्टकांचा शेवट कानी येतो आणि मग तुम्ही उठता. मी एकदा संतापून म्हणाले होते, सोडून द्या ते वाचन. तुम्ही मला दटावलेत: "रडणाऱ्या घरात कुणीतरी न रडता वाचायला लागतं की गं."

माझी सून ऐन उमेदीत गेली, तेव्हा वाचायला कोणीच मिळाले नाही. मग मी तुमच्या वाचनाची जुनी कॅसेट लावली. नात दाराशी बसून ऐकत होती, आणि तिचा हा अल्बम त्या ऐकण्यातूनच जन्मला. दोन मैत्रिणींना घेऊन, बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये तिने तो केला. याला ही मुले इंडी रॉक म्हणतात, म्हणजे कोणा कंपनीच्या आश्रयाविना, स्वतःच्या हिमतीवर केलेले संगीत. सारी गाणी आईच्या जाण्याची. गिटारचा घनगंभीर खर्ज, मंद ड्रम, आणि उजेड कुठेही नाही. प्रथम ऐकताना मला पुराणांतल्या नरकवर्णनांची आठवण झाली. मग वाटले, ती वर्णने रचणाऱ्यालाही कोणीतरी विचारलेच असेल, इतका काळोख कशाला?

तोच प्रश्न पुण्याच्या एका समीक्षकाने विचारला. त्याने लिहिले, की हा अंधार अंगावर घातलेल्या दागिन्यासारखा आहे, आणि शेवटी येणारा म्हाताऱ्याचा आवाज तर ऐकणाऱ्याला निव्वळ घाबरवण्यासाठी आणला आहे. त्याखाली लोकांनी टिंगलही केली. नात स्वयंपाकघरात आली, मी भाजी निवडत होते. "आजी, पणजोबांचा आवाज काढून टाकते. माझ्यामुळे लोक त्यांना हसतायत." आप्पा, त्या क्षणी मला ओट्यावर बसलेले तुम्ही दिसलात. पुन्हा एकदा तुम्हाला दाराबाहेर बसवले जाणार होते, आणि तेही तुमच्याच पणतीच्या मायेने. मी म्हणाले, "ही पोथी एकदा उघडली की तेराव्यापर्यंत बांधत नाहीत. तेरा दिवस काही काढायचं नाही. मग तू म्हणशील तसं."

त्यानंतर जे घडले ते ऐकून तुम्ही मिशीत हसाल. तुमच्या धाकट्या लेकीचा दुधनीहून फोन आला होता. मागे अल्बम सुरू होता, आणि बोलता बोलता फोन तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी-पिठल्याचे गाठोडे घेऊन दारात, सुतकाच्या घरी न्यावे तसे, आणि मोठ्याने रडते आहे. "कोण गेलं गं अक्का?"

"कोणी गेलेलं नाही. आत ये."

"मग आप्पा कशाला वाचायल्यात?"

नातीने तिच्या कानांना हेडफोन लावले. गाणे संपेतो ती हलली नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या ढोलवालीला सांग, आप्पा दम घ्यायला थांबतात तितं बडवू नको म्हणावं."

"मावशीआजी, तिथं ड्रम नाहीच. परत ऐक की."

तिने परत ऐकले. "व्हय की. मग बरोबर हाय. लई बरोबर हाय." आणि गाठोडे सोडून म्हणाली, "आता एवढं केलंय तर खावा तरी." ते पिठले आम्ही तिघींनी हसत खाल्ले. यापेक्षा नेमकी समीक्षा पुढे आलेल्या एकाही लेखात मला आढळली नाही.

कारण पुढे लेख आले, आप्पा. श्रोत्यांची पत्रे तर त्याआधीच येऊ लागली होती. कोणी लिहिले, वडील गेल्यावर मला प्रथमच रडू आले. कोणी लिहिले, रडू थांबले. बेंगळुरूच्या एका समीक्षकाने, ज्याला मराठीचे अक्षरही कळत नाही, लिहिले, की या वृद्धाचा एक शब्द मला समजला नाही, परंतु तो वाचत होता तोवर मला भीती वाटली नाही. मी ते वाक्य देवघरात बसून मोठ्याने वाचले. तेरावा आला आणि गेला. आवाज काढून टाकण्याचा विषय नातीने काढला नाही, मीही नाही.

आणि काल टेंभुर्णीहून एक मुलगी आईला घेऊन आली. तिच्या वडिलांच्या वेळीही वाचायला कोणी मिळाले नव्हते. तुमचे गाणे ती रोज संध्याकाळी लावत असे. आता तिचे लग्न ठरले आहे. "आजोबांना अक्षत द्यायची होती," ती म्हणाली. मी तुमची तसबीर खाली काढून पाटावर ठेवली. तिच्या आईने कुंकू लावले, पत्रिकेवर अक्षता ठेवल्या, आणि कोणत्याही घरी म्हणतात तेच, सहज, तुमच्याकडे पाहून म्हणाली, "वेळेवर यायचं हं. अक्षता पडायच्या आत."

तिला काहीच ठाऊक नव्हते, आप्पा. मी पदर तोंडाशी धरून उभी होते, आणि मनातल्या मनात मला तुमचा जयजयकार ऐकू येत होता.

तसबीर घेऊन आम्ही जाणार आहोत, पहिल्या रांगेत बसणार आहोत. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून पोथीच्या रुमालात ठेवून देते. एक मात्र तुम्हालाच सांगते. हल्ली पूजेला बसले की स्तोत्राच्या आधी त्या गिटारचे सूर ओठांवर येतात. नातीला हे सांगितलेले नाही, ती भलतीच शेफारेल.