सरदारणीचा माज

३ मार्च

ती. दादास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

नीट पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर, तिघींत मिळून एक. बाकीच्या दोघींच्या वयांची बेरीज केली तरी माझ्याएवढी होत नाही. त्या मला पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी माझ्याकडून बटणं लावून घेतली. म्हणजे जम बसला.

शिकवायला एक डॉक्टरीणबाई आहेत. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी सगळ्यांना विचारलं, आधी काय करत होता. मी सांगितलं, सव्वीस वर्षं कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या, कारखाना बंद झाला, आता भावाच्या शेळ्या सांभाळते. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, हात चांगले आहेत, डोक्याचं बघू.

बारा दिवस शिकवणी. मग सहा महिने इथल्याच गोठ्यात काम, आणि शंभर शेळ्यांना कृत्रिम रेतन केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. तेव्हा माझी भाकरी राखून ठेवू नका, मी लवकर परत येत नाही.

एक सांगायचं होतं. तुझ्या उजव्या हाताच्या थरथरीबद्दल मी इथे कुणापाशी बोलले नाही. पण तू डॉक्टरकडे जा. माणसांच्या.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे एवढंच मागणं.

तुझी,
टाचणी

६ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे, कारण माझा चष्मा सापडत नाही. (चष्मा डोळ्यांवरच आहे. — वहिनी)

वीस वर्षं मी हे काम करतो. आसपासच्या साठ-सत्तर गोठ्यांत मला बोलावणं येतं. मी कुठल्या बाकावर बसून शिकलो नाही. तेव्हा ते तुला काय शिकवतात ते बारीकसारीक लिहून कळव. मला त्यात चुका काढायच्या आहेत. इकडे जेवणानंतर दुसरा उद्योग नसतो.

सरदारीण मजेत आहे. अजून दोन्ही वेळचं मिळून साडेतीन लिटर दूध देते. येत्या चार-पाच दिवसांत माजावर येईल. आपल्या थोरल्या बोकडाच्या गोठवलेल्या रेताच्या तीन कांड्या शिल्लक आहेत. तो गेला, पण त्याच्या लेकी बघ कशा दुधाला लागल्या. या खेपेला सरदारणीला त्याचीच कांडी भरायची. मी बघून घेईन, तू तिकडे लक्ष दे.

लोभ करायला तुझी वहिनी आहे, मी फक्त सल्ले देतो.

दादा

वन्सं, हे कडबा आणायला गेलेत तोवर लिहिते. कांड्या तीन नाहीत, दोन आहेत. मागच्या महिन्यात एक भरताना हात हलला आणि सगळं जमिनीवर गेलं. मला शपथ घातली होती, म्हणून तोंडाने बोलले नाही, लिहिते आहे. तुमचं पत्र मला तीनदा वाचायला लावलं. जे शिकाल ते खरंच बारीक लिहा.

९ मार्च

ती. दादा आणि वहिनी,
दोघांना मिळून एकच नमस्कार, वाटून घ्या.

काल माझी पार शोभा झाली. पहिली जिवंत शेळी माझ्यापुढे आणली. मी नळी आत सरकवली, टॉर्च लावला, गर्भाशयाचं तोंड दिसलं. रेत सोडायची गन आत शिरेना, तर मी जोर केला. डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट धरून मागे ओढलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे शिवणयंत्र नाही, पायाने रेटून चालणार नाही. संध्याकाळी जेवले नाही.

आज मात्र जमलं. दादा, तुला चुका काढायच्या आहेत ना, मग घे. शेळी माजावर आली की मागून गळणारा चिकट सोट पहिल्यांदा पाण्यासारखा स्वच्छ असतो. तेव्हा घाई करायची नाही. बारा-पंधरा तासांनी तो गढूळ, दह्याच्या निवळीसारखा होतो, ती वेळ. शेळीचे मागचे पाय उचलून धरायचे, धरणाऱ्याने तिच्याशी बोलत राहायचं. कांडी गोठवणाऱ्या द्रव नत्राच्या टाकीतून काढली की लगेच कोमट पाण्यात, मनगटाला जेमतेम ऊब लागेल इतक्याच, अर्धा मिनिट. मग कोरडी पुसायची, पाण्याचा एक थेंब राहता कामा नये. टोक सरळ कापायचं, तिरकं नाही. आत गेल्यावर गर्भाशयाचं तोंड गुलाबी, चुणीदार दिसतं, गच्च ओढलेल्या नाडीच्या पिशवीसारखं. गनचं टोक तिथे नुसतं टेकवायचं आणि किल्ली फिरवल्यासारखं हळूहळू फिरवायचं. आत एकामागोमाग वळ्या आहेत, प्रत्येक वळी सोडली की बोटाला कळतं. अडलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा फिरवायचं. जोर कधीच नाही. मग दट्ट्या सावकाश ढकलायचा, मनात पाच मोजत.

मला हे कळायला एक अख्खा दिवस आणि एक उपास लागला.

सरदारीण माजावर आली तर या खेपेला सोडून दे. एकवीस दिवसांनी पुन्हा येईल, मी दोन दिवसांची रजा काढून येते. ऐक माझं.

रागावलात तरी लोभ कमी करू नका,
टाचणी

१२ मार्च

प्रिय वन्सं,
नमस्कार.

आज हे पत्र माझं आहे. कुणी सांगत नाही आणि मी लिहून घेत नाही.

परवा रात्रीच्या जेवणाला सरदारीण ओरडायला लागली. शेपटी सारखी हलत होती. काल सकाळी तुमचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, ते ऐकत होते. रजा काढून येते हे वाक्य आलं तसे उठून गेले. दुपारी चारला मला म्हणाले, सोट गढूळ झालाय, चल, धर तिला. मी म्हटलं वन्संनी थांबायला सांगितलंय. त्यावर म्हणाले, टाचणी अजून जन्मलीही नव्हती तेव्हापासून मी शेळ्या राखतो.

मी धरली. ह्यांनी कांडी काढली, पाण्यात टाकली, पुसली, कापली, गनमध्ये भरली. इथवर सगळं ठीक. नळी आत घातली आणि हात सुटला वन्सं. असा कधी पाहिला नव्हता. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी गनचं टोक नळीच्या कडेवर टकटक वाजत होतं. सरदारीण पाय झाडायला लागली. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग हे नुसते बसून राहिले. वितळलेली कांडी परत टाकीत जात नाही, ती काही मिनिटांतच भरावी लागते, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. घाम त्यांच्या नाकावरून टपकत होता.

मी शेळी सोडली आणि म्हटलं, तुम्ही धरा, मी बघते.

माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकी बाई गोठ्यात शिरले आहे. पण उठले, आणि सरदारणीचे पाय त्यांनीच उचलून मांड्यांत घट्ट धरले. त्यांच्या दंडात ताकद आहे, नुसता पंजाच बेइमान झालाय. मी टॉर्च दातांत धरला. तुमची नाडीची पिशवी दिसली! अगदी तशीच, चुणीदार. टोक टेकवलं, फिरवलं. अडलं. तुम्ही लिहिलं होतं म्हणून थांबले, श्वास घेतला. हे मागून हळूच म्हणाले, जरा वर, तिचं थोडं डावीकडे असतं. फिरवलं आणि वळी सुटली. मग दुसरी. पुढे जाईना तेव्हा म्हणाले, बास, आता ढकल. मी पाच मोजले, ते पण मोजत होते, मोठ्याने.

नंतर पाठीला पाठ लावून दोघं गोठ्याच्या भिंतीशी बसलो. आज सकाळी ह्यांनी कागद मागितला.

चुकलं असेल तर मला बोला, त्यांना नको. लोभ होता तसाच ठेवा.

वहिनी

(सोबतची चिठ्ठी, ओळी वरखाली गेलेल्या)

टाचणी,
माझ्या हातचं लिहितो आहे. लावून वाच. तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. तुझ्या वहिनीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. वीस वर्षं मी तिला फक्त पाय धरायला लावलं. उद्या डॉक्टरकडे जातो.
दादा

१५ मार्च

ती. दादा, प्रिय वहिनी,
सा. न. आणि वहिनीला त्यावर एक कडकडून मिठी.

पत्र वाचून आधी संतापले. मग जिन्यात बसून हसले. मग दादाची चिठ्ठी वाचली आणि पुढचं विचारू नका. खोलीतल्या पोरींना वाटलं, घरी कुणी गेलं की काय.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघते. त्यांनी विचारलं, वळ्या किती ओलांडल्या. मी म्हटलं दोन. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी मी एकही ओलांडली नव्हती. पण वहिनी, त्यांनी हेही बजावलंय की दहातल्या तीन-चार शेळ्याच कांडीने गाभण राहतात, आणि नवख्या हाताने त्याहून कमी. तेव्हा राहिली नाही तरी तो तुझा दोष नाही. ३१ मार्च ते ४ एप्रिल रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर नजर ठेव. ओरडली, शेपटी हलवली, की समज पुन्हा माजावर आली.

दादा, लेखी परीक्षेत मी दुसरी आले. पहिली आलेली बावीस वर्षांची आहे, तिला रात्री डोळ्यांत औषध घालावं लागत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते पुढच्या टपालाने कळलं नाही तर माझा लोभ काढून घेईन, ही धमकी समजावी.

टाचणी

५ एप्रिल

प्रिय वन्सं,
नमस्कार, आणि आधी बातमी. सरदारीण गप्प आहे. पाच दिवस हे गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. शेजारच्याने एकदा शेळीसारखा बें-बें आवाज काढून फसवलं, तर हे त्याच्या अंगावर धावून गेले. शेळी मात्र डोळे मिटून रवंथ करत होती.

तपासण्यांत दिवस गेले, म्हणून आत्ता कळवते. डॉक्टर म्हणाले, हा कंपाचा आजार आहे, जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील. ह्यांनी विचारलं, गन धरता येईल का. डॉक्टरांना वाटलं शिकारीची, ते दचकून नाही म्हणाले. घरी येईपर्यंत हे स्वतःच त्यावर हसत होते. हात सुटल्यापासून पहिल्यांदा हसले.

परवा पलीकडच्या गोठेवाल्याचं बोलावणं आलं. हे म्हणाले, मी येतो, पण काम ही करेल. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग ह्यांनी माझ्या हातात गन दिली आणि स्वतः शेळीचे पाय धरायला वाकले, तेव्हा त्याने टॉर्च पुढे केला. मला तिथे एकदा चुकीचं वळलं, त्यांनी कुजबुजून सांगितलं, त्याला ऐकू जाणार नाही असं.

लोभ आहे, त्याची खात्री पटली. वाढला तर नाही म्हणणार नाही.

वहिनी

९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
सा. न. नंतर.

काल सकाळी सरदारीण व्याली. एक पाठ, म्हणजे लेक, आणि एक बोकड. लेकीचं डोकं आधी अडलं होतं, मीच सोडवलं, ह्यांनी पोतं अंथरलं आणि दोघांना पुसून काढलं. दोन्ही थोरल्याच्या रंगाची, तांबूस, कानांवर पांढरी. बोकडाला ह्यांनी छातीशी धरलं. हात थरथरत होता, पण पिल्लू थरथरीतच झोपलं. हे म्हणाले, हाताचा एक तरी उपयोग निघाला.

दुसरी बातमी. तुमच्या केंद्रातल्या पुढच्या तुकडीत मी अर्ज केला आहे. सहा महिने घर कोण बघणार म्हणून मी कां-कूं करत होते. ह्यांनी अर्ज स्वतः भरला. चार कागद फाटले, अख्खी दुपार गेली, पण मला हात लावू दिला नाही. त्यात एक रकाना होता: यापूर्वी हे काम कुणाकडून शिकलात. मी सांगितलं, लिहा, नणंदेच्या पत्रांवरून आणि नवऱ्याच्या सूचनांवरून. त्यांनी कागद माझ्यापासून आडवा धरून काहीतरी लिहिलं.

तुम्ही हल्ली दुपारी केंद्राच्या कचेरीतलं कामही बघता, अर्ज तुमच्याच हातात पडेल. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, पाकीट चिकटवून टाकलं. वाचून कळवा.

वहिनी

१३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,
आजी झाल्याबद्दल नाही, सुईण झाल्याबद्दल तुला माझा नमस्कार.

अर्ज आला. डॉक्टरीणबाईंनीच उघडला, आणि अक्षर बघून विचारलं की हे लिहिणारं माणूस आजारी आहे का. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, बसा, सांगते. सगळं ऐकून त्यांनी तुझं नाव यादीत सगळ्यात वर घातलं. खाट माझ्या शेजारची, खिडकीकडची.

त्या रकान्यात दादाने दोन ओळींची जागा सोडून वाकड्या अक्षरात एकच ओळ लिहिली आहे: कुणी शिकवलं नाही, मी वीस वर्षं आडवा होतो, बाजूला झालो.

सप्टेंबरच्या एक तारखेला सकाळच्या गाडीने ये. दादाला शेळ्यांपाशी ठेव, आणि स्वतःच्या हाताने मला रोज एक ओळ लिहायला सांग. लावून वाचीन.

तुझी,
टाचणी