प्राचीचा कोरा हात

मंगळवार, संध्याकाळ

हातावर टोचलेल्या टीबीच्या टेस्टचा निकाल आला. माझ्या हातावर टम्म सूज आणि प्राचीचा हात कोरा. टीबीचा वॉर्ड एकच, इंटर्नशिपही बरोबरच सुरू केली! सर म्हणाले, "आजार नाही, नुसता संसर्ग आहे." मग एवढी का जळतेय मी?

प्राची बेंगळुरूतच वाढलेली. मास्कमधूनही तिचं कन्नड पेशंटना कळतं. माझं मोडकंतोडकं कळेना, म्हणून मी मास्क खाली ओढून बोलायचे. रोज.

"अगं, मला हाक मारायचीस, मी बोलले असते," ती म्हणाली. तेच तर नको होतं. तिला सगळे 'अक्का' म्हणतात, मला 'मॅडम'. तो कोरा हात बघवत नाही.

निकालानंतर वॉर्डात पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार मला पहिल्यांदाच अक्का म्हणाला. माझा मास्क तेव्हाही हनुवटीवरच होता.