डोंगरावर नेलेली होडी

तात्या, माझी एक तक्रार आहे, आणि ती ऐकायला माझ्या ओळखीतलं जिवंत कुणी तयार नाही. होडीनं माणसाला वाहून न्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. आता माणसानं होडीला वाहून न्यायचं असतं. तुमच्या नातीनं हवा भरायची रबरी होडी घेतली, घडी करून माझ्या पाठीवर लादली आणि बारामतीहून भोरच्या पुढं नेऊन मला दोन तास डोंगर चढवला. का, तर वर तलाव आहे. “अगं, उजनी काय आटलीय का?” “पप्पा, तिथं गाडी जाते. मग मजा काय?” एवढं मोठं धरण या एका कारणावरून नापास झालं. खांदे सोलून वर पोचलो, तर हवा भरायचं कामही माझ्याकडंच.

तलाव तुडुंब होता. पलीकडच्या टोकाला सांडव्यावरून पाणी खाली दरीत पडत होतं. ती तरंगायचं जाकीट घालून निघाली. “चला ना तुम्हीपण!” मी म्हणालो, फोटो काढतो. ती मध्यावर गेली आणि वारा फिरला. होडी कसली, पत्रावळच ती. गरकन वळली, वल्हं हातातून निसटलं आणि सगळं सांडव्याच्या दिशेनं सरकू लागलं. मी काठावर उभा आहे. पेपरात लिहून लोकांना शब्दांनी ओरबाडणारा आणि त्यावर पोट भरणारा माणूस, आणि तोंडातून निघतंय काय, तर “हातानं मार! हातानं!” ती हातानंच मारतेय आणि माझ्याकडं बघतेय. कालव्यावर हयात घालवलेल्या पाटकऱ्याचा मुलगा, त्याला पोहता येतंच, हे मीच तिला लहानपणापासून सांगितलंय. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि थांबलो.

सणसरला तुम्ही मला कालव्यावर उभं केलंत तो दिवस आठवतो? “पाटकऱ्याचं पोरगं अन् पाण्याला भितं व्हय रं? पाटाचं दार उघडून येतो. तवर पलीकडं दिसला पायजेस.” तुम्ही वळणाआड गेलात. मी पुलावरून पळत पलीकडं गेलो, ओंजळीनं डोकं भिजवलं आणि कुडकुडत बसलो. तुम्ही आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलात. “आमचं ध्यान कालवा पोहून गेलं!” संध्याकाळी जिलबी आणलीत. मी ती सगळी खाल्ली.

त्या सांडव्यापाशी एक म्हातारा शेळ्या चारत होता. शेळ्यांना फांद्या ओढायची लांब आकडी घेऊन तो भिंतीवरच्या वाहत्या पाण्यात उतरला. “पोरी, हलू नगंस! रबराची हाय न्हवं? फुटायची न्हायतर!” होडीच्या दोरीला आकडी अडकवून त्यानं तिला कडेला घेतलं. तेवढ्यात त्याच्या दोन्ही वहाणा दरीत गेल्या. मी काठाकाठानं धापा टाकत पोचलो, तेव्हा तो अनवाणी खडकावर उभा राहून मलाच म्हणाला, “बसा पाव्हणं, तुमीच लई दमलाय.”

मी पाण्यात का थांबलो, असं तिनं विचारलं नाही. केस पिळत एवढंच म्हणाली, “आईला नको सांगायला, पप्पा.” म्हणजे तिला कळलं होतं. तुमच्यापासून जे लपवलं, ते आता ती माझ्यासाठी लपवणार.

ती होडीची घडी घालत होती तेवढ्यात मी बूट काढले, म्हाताऱ्याच्या घोंगडीशेजारी ठेवले आणि मोज्यांवर चालू लागलो. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, “बूट कुठंयत?”

“चावत होते.”

चावत नव्हते, तात्या. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.